अकरा दिवसांतली अकरा वर्षं

श्यामला निपाणीची. बेंगळुरूत एका कंपनीत टेस्टिंग करायची. डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या हे ठरवणारी नवी फाइल सिस्टिम कंपनीने तयार केली होती. ती झपाट्याने चालायची, पण प्रत्येक चाचणी कोऱ्या डिस्कवर झालेली.

"वर्षानुवर्षं वापरलेल्या डिस्कवर बघायला हवं," ती आपल्या मॅनेजरला, पुण्याच्या अजिंक्यला, म्हणाली.

"मग स्क्रिप्ट लिही ना. रँडम फाइल्स टाक, रँडम डिलीट कर."

"माणसं अशी वागत नाहीत, अजिंक्य."

"ओके, पण महिनाअखेरीला रिलीज आहे, लक्षात ठेव."

शहरातल्या चामराजपेटेत दयानंद अण्णांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. श्यामलाच्या बहिणीच्या पत्रिका तिथेच छापल्या होत्या. दिवसभरात बदललेल्या फाइली अण्णा रोज संध्याकाळी वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवत. अकरा वर्षं हा नेम चाललेला. श्यामला त्या डिस्का मागायला गेली.

"नावं, मजकूर काही नको अण्णा. कुठली फाइल कधी आली, किती वाढली, कधी गेली, तेवढंच."

"सरी, देतो. पण माझ्या पत्रिकांवरून तुला काय कळणार?" अण्णांना हसू आलं. तरी त्यांनी डिस्का काढून दिल्या.

त्या नोंदींवरून श्यामलाने दुकानाची वर्षं नव्या सिस्टिमवर पुन्हा घडवायला घेतली. एक वर्ष आठ तासांत. पडद्यावर डिस्कचं चित्र होतं, हजारो बारीक चौकटींचं. फाइल आली की चौकट उजळायची, पुसली की विझायची. सकाळी नऊला जानेवारी उगवायचा. अकराच्या सुमाराला एप्रिल-मेची लग्नसराई उसळायची. ती डबा उघडायची तेव्हा आषाढ लागलेला असायचा आणि सगळं मंद व्हायचं. खिडकीबाहेर गुलाबी फुलं एकेक करून गळत आणि पडद्यावर कुणाकुणाची लग्नं लागत, कुणाची मोडत. तिला वाटायचं, आपण अण्णांच्या दुकानात कोपऱ्यात बसलोय आणि आपलं वय मात्र वाढत नाहीये.

आठव्या दिवशी दोन हजार वीस साल आलं. मार्च संपता संपता पडदा निजला. लग्नंच नव्हती. तरी एक चौकट मात्र दर सव्वा मिनिटाला, म्हणजे रोज एकदा, लुकलुकत होती. कुणीतरी रोज दुपारी साडेतीनला एकच फाइल थोडी थोडी वाढवत होतं. श्यामला चहा विसरून बघत राहिली. नोव्हेंबरात ती चौकट विझली.

अकरा दिवस सरल्यावर निकाल समोर आला. सहा वर्षं वेग टिकला होता; पुढे फाइलींचे तुकडे डिस्कभर विखुरत गेले आणि अकराव्या वर्षी वाचायला तिप्पट वेळ लागू लागला. त्याच फाइली कोऱ्या डिस्कवर एकदम उतरवल्या तर काहीच अडत नव्हतं. अजिंक्यने आलेख दोनदा पाहिला.

"रिलीज पुढे ढकलतो," तो म्हणाला. "वरच्यांशी मी बोलतो."

शनिवारी ती डिस्का परत द्यायला गेली. तिने त्या फाइलीबद्दल विचारलं तेव्हा अण्णा आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात बोलले, "महानंदा काढायची. माझी बायको. दुकान बंद, मग बसायची माऊस घेऊन. मोगऱ्याचा वेल, पत्रिकेच्या कडेला लावायला. मग एकदम ऑर्डरी आल्या, जागा पुरेना. मीच उडवला. तिला विचारलंसुद्धा नाही."

"त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. पुन्हा कॉम्प्युटरला हात लावला नाही."

"अण्णा, तुम्ही रोज उतरवून ठेवत होता ना? मग तो या डिस्कवर असणार."

अण्णा कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत येऊन बसले. श्यामलाने त्या वर्षीची डिस्क जोडली, त्या फाइलीची शेवटची प्रत शोधली आणि उघडली. पानाच्या चारी कडांनी वेल चढला होता, कळ्या, पानं, मधेच एक मुंगी.

अण्णांनी हाक मारली. महानंदा अक्का हात पुसत आल्या, पडद्यासमोर थांबल्या.

"चुकलो गं मी," अण्णा म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या वाकून वेल निरखत होत्या.

"हा देठ केवढा जाड झालाय," त्या म्हणाल्या. "अहो, उठा जरा. मला बसू द्या."