बायजाचा पाट

खर्र… खर्र… अंगावरून रंधा फिरत होता. मी ऐकलेला तो पहिला आवाज. मी पाट बोलतोय. सागाचा, चार बोटं उंच, डोंबिवलीजवळच्या एका गावातला. बायजा लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यावर बसून तांदळाच्या भाकऱ्या थापायची. शेतात इमारती उभ्या राहिल्या, घराचा बंगला झाला, आत ओटा आला. पण भाकरीची चूल मागच्या पडवीतच राहिली, आणि चुलीपुढे मी.

नऊ वर्षांपूर्वी तिला संधिवाताने धरलं. सकाळी बोटं सुजलेली असायची, मूठ मिटायची नाही. माझ्यावर बसली की उठता येईना. तिचा नवरा गोपीनाथ काखेत हात घालून तिला उठवायचा. शेवटी त्याने तिच्यासाठी खुर्ची आणली आणि माझ्यावर तो स्वतः बसू लागला. त्याच्या भाकऱ्या जाड व्हायच्या. सगळे मुकाट्याने खायचे.

औषधांनी ती सावरली. गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी. सोमवारी दिवसभर मळमळ. मग नयनची, तिच्या पुतण्याची, हळद आली. गल्लीतल्या सगळ्या बायका भाकऱ्यांना बसणार. त्यांच्यात ओकाऱ्या काढायच्या नाहीत, म्हणून बायजाने कुणाला न सांगता चार रविवार गोळीच घेतली नाही. हळदीला माझ्यावर काय ऐटीत बसली होती! महिनाभरात तिला नळ फिरवता येईना. गोळी परत सुरू झाली, ती परत खुर्चीत आणि गोपीनाथ माझ्यावर.

ती चूक होती. ती स्वतःच तसं म्हणते.

परवा ठाण्याहून आल्यावर ती सांगत होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दीड वर्ष सूज नाही, गोळी थोडी कमी करून बघू, रक्त तपासत राहू, तुम्हाला काय वाटतं? नऊ वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

आज सकाळी पडवीत त्यावरूनच जुंपली.

"कमी करायची नाय," पीठ मळता मळता गोपीनाथ म्हणाला. "इसरलीस का? तुझे केस मी विंचरायचो."

"वाकडा भांग पाडून गावभर फिरवलंत मना!"

"हसू नको. परत आखडलीस तर?"

"तर परत वाढवू. तवा मी लपून सोडली, आता सांगून कमी करते. गोळी माझ्या पोटात जाते. सोमवारी मी ओकते, तुम्ही नाय."

"मना भीती वाटते, बायजा."

"मना पन वाटते. तरी करनार."

माझंही एक ऐका. सून भावना मला माळ्यावर टाकायचं म्हणते. मी जाणार नाही. आजारी माणसाची जागा मायेने सांभाळावी, पण ते परत आलं की उठावं. आणि त्याच्या अंगात काय घालायचं, किती घालायचं, हे त्याला विचारल्याशिवाय ठरवू नये.

बायजा खुर्चीतून उठली. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर.

"उठा आता," ती म्हणाली.

गोपीनाथने परातीतून हात काढले. बोटांना लागलेलं पीठ सावकाश निपटून परातीत टाकलं. त्याचा भार माझ्यावरून गेला आणि तिचा टेकला, हलकासा. तो पडवीतून निघून गेला.