पाहुण्याचं स्टूल

दुकानवालीने स्टूल उलटं केलं, ओल्या फडक्याने त्याचं बूड पुसलं आणि वेताच्या कडेवर अंगठा टेकवला.

“ही बघा. दुहेरी गाठ.”

नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. नवरा पुढे वाकला. बायको आधी एक पाऊल मागे सरकली आणि मग तीही वाकली.

“म्हणजे हे त्यानेच...?”

दुकानवालीने हो म्हटलं नाही. नुसत्या पापण्या मिटल्या आणि उघडल्या. एवढं पुरत असे.

“असल्या माणसाला फासावरच द्यायला हवं होतं,” नवरा म्हणाला. “जन्मठेप म्हणजे काय, आयतं गिळायचं आणि पडून राहायचं. आपल्या जिवावर.” बोलता बोलता तो गाठीवरून बोट फिरवत होता. “याची जोडी मिळेल का हो?”

“पुढच्या आठवड्यात या. एकहाती काम आहे. घाई केली की बिघडतं.”

“घाई त्याने कधी केलीच नाही म्हणे,” बायको हळूच म्हणाली. “पेपरात होतं. आधी चार-चार दिवस राहायचा.”

जोडपं स्टूल घेऊन गेलं. दोघांनी ते दोन बाजूंनी धरलं होतं, झोपलेलं लेकरू न्यावं तसं.

त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. वर्तमानपत्रांनी ‘पाहुणा’ म्हटलं आणि तेच चिकटलं. एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांशी तो ओळख काढी, पिशवी उचलून देई, गळका नळ नीट करून देई, बघता बघता घरचाच होऊन जाई. मग एखाद्या दुपारी यजमानाचा गळा दाबून, आपलं ताट घासून, ते पालथं घालून चालता होई. लोकांच्या डोक्यात बसलं ते हे ताट. खून पुष्कळ होतात, पण मागाहून ताट कोण घासतं?

तुरुंगाच्या बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून हे दुकान उभं होतं. आतले कैदी जे बनवत ते इथे विकायला येई: सतरंज्या, टॉवेल, टोपल्या, वेताची स्टुलं. वस्तू चांगल्या, पण गिऱ्हाईक फिरकत नसे. माशा मारून मारून दुकानवालीचा हात दुखायचा, असं ती स्वतःच म्हणे. दुकान बंद करायचं वर घाटत होतं. अशात एक दिवस निवृत्त हेडमास्तर आले. घसा साफ करत, इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, “यातलं त्याचं कोणतं?”

तिने हनुवटीने एका स्टुलाकडे दाखवलं. थट्टाच होती. पण हेडमास्तरांचे डोळे असे उजळले, की थट्टा तिच्या घशातच राहिली. ते स्टूल त्यांच्या दिवाणखान्यात गेलं, आणि दिवाणखान्यातून गोष्ट गावभर.

आतून हातगाडीवर माल आणणाऱ्या पहारेकऱ्याला तिने पुढे एकदा विचारलं होतं. तो पोट धरून हसला.

“तो कुठला विणतोय? वेत तासायला सुरी लागते, बाई. त्याच्या हातात सुरी कोण देईल? घोंगड्यांच्या घड्या घालतो दिवसभर.”

“मग ही कोण करतं?”

“आहे एक म्हातारा. भाऊबंदकीत हात उचलला, आत आला, आतच पिकला. त्याला कोण विचारतंय? चालू दे तुझं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी चाटायला लोक रांगेने येतायत, तू वाढ.”

तीही हसली. हसता हसता तिने हातातलं फडकं पिळलं. फडकं कोरडंच होतं.

एवढी साधी गोष्ट, सुरीची. इतक्या गिऱ्हाइकांत एकालाही सुचली नाही. आणि तिलाही त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं सुचलं नाही.

खरं म्हणजे तिला लोभ विक्रीचा नव्हताच. सासरी आल्यापासून तिचं एक वाक्य धड पुरं झालं नव्हतं. ती ‘आज ना’ म्हणे आणि थोरल्या जाऊबाई तिथूनच धागा उचलून आपलं विणायला घेत. दीर ताटावरून मान वर करत नसत. नवरा म्हणे, “तिचं काय ऐकता, दुकानात भिंतीशी बोलते ती.” आणि आता? आता जाऊबाई स्वतः पाणी भरून पेला तिच्या पुढ्यात ठेवत आणि विचारत, “आज काय ग त्याचं?” घर कान होऊन बसे. एका जेवणाला सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, सगळ्यांचे चेहरे तर तिच्याकडेच लागलेले. तेव्हा ती म्हणाली, “विणताना गुणगुणतो तो.”

“अग्गबाई!” जाऊबाईंनी गालाला हात लावला. दिरांनी घास हातातच धरला.

ते गुणगुणणं आता दुकानातही स्टुलाबरोबर फुकट जात असे.

जोडपं गेलं आणि थोड्या वेळाने हेडमास्तर आले. व्याह्यांना भेट द्यायला दुसरं स्टूल हवं होतं. त्यांची बायको नेहमीसारखी बाहेरच थांबली. तिला आत यायची भीती वाटे, म्हणून ती दाराला चिकटून उभी राही आणि सगळं ऐकून घेई.

“तुमचं चालू द्या,” म्हणत हेडमास्तर सतरंज्यांच्या ढिगामागे स्टुलं उलटीपालटी करून गाठी शोधू लागले.

तेवढ्यात एक बाई आत आली. चाळिशीची असेल. उंच, खांदे किंचित पुढे आलेले. तिने स्टुलांकडे पाहिलंच नाही. सरळ काउंटरशी आली.

“तुम्हीच का त्या? ज्यांना त्याचं सगळं माहीत आहे?”

दुकानवालीची छाती भरून आली. पुढे कितीतरी दिवस तिला तेच आठवणार होतं, की त्या क्षणी आपली छाती भरून आली.

“सगळं कुठलं हो. थोडंफार.”

“माझ्या ऑफिसातल्या एकीने इथून स्टूल नेलं. ती सांगत होती, तो विणताना गुणगुणतो.”

“हो तर. हात चालायला लागला की गळा चालू. पहारेकरीसुद्धा थबकतात.”

“काय गुणगुणतो?”

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण उतारावर सुटलेली गाडी मध्येच थांबत नाही.

“जुनंच काहीतरी. बायका कामाला बसल्या की म्हणतात ना, तसलं. ओवीसारखं.”

बाईने काउंटरची कड धरली. बोटांची पेरं पांढरी झाली. मग तिने खालच्या आवाजात, गाणं नव्हे आणि बोलणंही नव्हे अशा सुरात म्हटलं,

“वाटेच्या वाटसरा, दार माझं उघडंच...”

आणि ती थांबली.

“असं आहे का ते?”

“पुढे काय येतं?” दुकानवालीने विचारलं.

“तेच तर विचारायला आले.” बाई कसंनुसं हसली. “आई म्हणायची. भाजी चिरताना, झाडताना, उठता-बसता. तिनेच जुळवलेलं, दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. मला पहिलीच ओळ येते. दुसऱ्या ओळीपर्यंत मी कधी तिच्याजवळ थांबलेच नाही. ‘हो ग आई, कळलं’ म्हणत बाहेर.” तिने ओठ आत ओढले. “शेवटचे दिवस तो होता तिच्याजवळ. तिने म्हटली असणार. त्याने ऐकली असणार.”

“तुमची आई...”

“तिसरी.”

एवढंच म्हणाली. नाव नाही, गाव नाही. लोक तिच्या आईला ज्या आकड्याने ओळखत, तो आकडा तिने काउंटरवर ठेवला.

सतरंज्यांमागची खुडबुड थांबली होती.

दुसरी ओळ जुळवणं काही अवघड नव्हतं. दुकानवाली ओव्यांच्याच मांडीवर वाढलेली. ‘सावली पुरंल दोघां’ एवढं तर आपोआप ओठांशी आलंही, जिभेवर साखर विरघळावी तसं. समोरची बाई ओंजळ पुढे केल्यासारखी उभी होती. तिच्या हातात पर्सखेरीज काही नव्हतं आणि डोळ्यांत राग तर नव्हताच. राग असता तर बरं झालं असतं.

“ताई,” दुकानवाली म्हणाली, “तो गुणगुणत नाही.”

“आता नाही म्हणत?”

“कधीच नाही. वेतालाही त्याचा हात लागत नाही. मी आपलं...” तिने फडकं उचललं, खाली ठेवलं. “मी बोलले. लोक ऐकत होते, म्हणून बोलत गेले.”

बाईने मान हलवली, सावकाश. न कळलेली गोष्ट कळल्यासारखी करावी तशी.

“म्हणजे?” ढिगाआडून हेडमास्तर हातात स्टूल घेऊन बाहेर आले. “मग आमच्याकडचं कोणाचं?”

“एका म्हाताऱ्याचं.”

“कोण म्हातारा?”

“नाव ठाऊक नाही.”

“अहो, काय बोलता! मोठमोठी माणसं बसवलीत मी त्यावर. बसण्याआधी सगळी हकीकत सांगून बसवलीत. आणि ते कुठल्या तरी सोम्यागोम्याचं? ही शुद्ध फसवणूक आहे, बाई. परत घ्या ते. आजच्या आज परत घ्या.”

“तुम्हाला त्याचंच हवं होतं का?” त्या बाईने विचारलं. आवाज साधा होता. दुकानात किंमत विचारावी इतका साधा.

“तसं नव्हे हो. माणसाच्या मनाचा अभ्यास म्हणून... समाजाला कळायला हवं...” हेडमास्तरांचं वाक्य अडखळलं. मघाचं ऐकलेलं आता त्यांच्यापर्यंत पोचत होतं. त्यांनी स्टूल खाली ठेवलं. “तिसऱ्या म्हणजे... त्या, मागल्या अंगणाच्या घरातल्या? तुम्ही त्यांची मुलगी?”

तिने पर्स खांद्याला अडकवली.

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, देवळात शिरल्यावर होतो तसा. आणि डोळे उजळले. दुकानवालीने ते उजळणं ओळखलं. पहिल्या दिवशी, तिच्या हनुवटीच्या दिशेने पाहताना ते असेच उजळले होते. हेडमास्तरांनी खिशातला रुमाल काढला, स्टुलाची बैठक पुसली आणि ते तिच्यापुढे सरकवलं.

“बसा ना. उभ्या का? बसा, बसा.” मग दाराकडे मान वळवून, “अगं, आत ये. लवकर ये. बघ कोण आलंय!”

दुकानवाली काउंटर ओलांडून कशी आली, तिचं तिला कळलं नाही. तिने त्या बाईचं मनगट धरलं, मागचं दार लोटलं आणि तिला गोदामात घेतलं. तिथे भिजत घातलेल्या वेताचा ओलसर, आंबूस वास होता. विणायचे सांगाडे भिंतीला टेकून उभे होते, पोटात काही नसलेले.

“इथून गल्लीत निघता येतं,” ती म्हणाली. “कोणी बघणार नाही.”

बाई लगेच निघाली नाही. एका सांगाड्याच्या रिकाम्या गोलातून तिने हात आरपार घातला आणि काढून घेतला.

“एखादी ओळ ठोकून द्यायची होती. मी मानली असती.”

“ती त्यांची झाली नसती.”

“नसतीच झाली.” तिने पर्स खांद्यावर नीट केली. “पण मी ती रोज म्हटली असती.”

शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर दुकानवालीने गाल पुढे केला असता. त्या बाईने काहीच केलं नाही. दाराची कडी कुठे आहे ते विचारलं, ती काढली आणि गेली. दुकानवाली ओल्या वेतापाशी उभी राहिली. मान खाली घालून उभं राहायचं तर समोर कोणीतरी लागतं. समोर कोणी नव्हतं, तरी तिची मान वर येईना.

पुढे दुकानात पावलं वाजली, तेव्हा तिने चेहऱ्यावरून फडकं फिरवलं आणि ती परत आली. हेडमास्तर रस्त्यावर जाऊन दोन्ही दिशांना बघत होते. आणि त्यांची बायको आज पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आली होती. दुकानाच्या मधोमध उभी होती.

“गेल्या का हो?”

“गेल्या.”

“रडत होत्या?”

“नाही.”

“आई गं.” बाईंनी छातीवर हात ठेवला. मग त्या काउंटरवर ओणवल्या. त्यांचा चेहरा आता इतका जवळ होता, की त्यात दुसरं काहीच नव्हतं, फक्त ऐकणं होतं. “मला दिसल्याच नाहीत. कशा होत्या हो? दिसायला कशा होत्या?”

दुकानवालीने ओठ मिटून घेतले. वेताच्या कडेवरून हात फिरवला. बाहेर हेडमास्तर कोणाला तरी थांबवून काही विचारत होते. बाई वाट बघत होत्या. मधे बोलत नव्हत्या, घाई करत नव्हत्या.

“साध्याच होत्या,” दुकानवाली म्हणाली. “उंच. बोलताना काउंटरची कड घट्ट धरायच्या. अशी.”

हेडमास्तरीणबाईंनी जवळचं स्टूल ओढलं, पर्स मांडीवर घेतली आणि त्या ऐकायला बसल्या.