मुका केलेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे, पण मला भिंतीवर शोधू नका. मी राहतो डिंगोऱ्यातल्या दूध डेअरीच्या कॉम्प्युटरात, चित्रं काढणाऱ्या 'ग्राफिक्स लायब्ररी' नावाच्या प्रोग्रामसंचाच्या पोटात.

पडद्यावर काही काढायचं असलं, की प्रोग्राम आधी कामांच्या तक्त्याकडे जातो. रेघ कोण ओढणार, रंग कोण भरणार, हे तक्त्याच्या खणांत लिहिलेलं असतं. खरा तक्ता ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे प्रत्यक्ष चित्र काढणाऱ्या भागाचा. कार्डाची साथ सुटली, की त्याच्या जागी मला बसवतात. माझेही खण तेवढेच, नावंही तीच. फक्त कुठल्याच खणात काम करणारं कोणी नाही. 'रेघ ओढ' म्हटलं, की मी 'बरं' म्हणतो आणि ओढत काहीच नाही. मी नसतो तर प्रोग्राम रिकाम्या जागी पाय टाकून कोसळला असता, म्हणून मला घडवणाऱ्यांना माझं मोठं कौतुक होतं. त्यांनी मला एक आवाजही दिला होता. कार्डाशिवाय उमटणारी एकच ओळ: 'चित्र निघत नाही, मी नुसता नावाला आहे.'

तो आवाज गेला कसा, ते ऐका. डेअरी चालवतात भगवंतराव. डेअरीची वाट उसातून येते आणि उसात बिबट्या असतो. म्हणून त्यांची पुतणी तेजस्विनी हिने वाटेवर कॅमेरे लावले आणि ती दृश्यं डेअरीतल्या टीव्हीवर दाखवणारा प्रोग्राम लिहिला. भगवंतराव टीव्ही बघून दूध घालणाऱ्या एकेकीला फोन करत आणि मगच बायका दूध घेऊन घर सोडत. रोज कार्ड जागं होण्याआधी क्षणभर मी बसलेला असे, आणि माझी ओळ टीव्हीवर उमटे. भगवंतराव वैतागले.

"तेजू, ती अक्षरं काढ बाई. टीव्ही बिघडला का म्हनून समदी इचारत्यात."

"तात्या, असू द्या ती ओळ."

"काय उपेग न्हाई तिचा. काढ."

तिने काढली. मी मुका झालो.

मग एकदा दिवस मावळताना कार्ड तापून बंद पडलं आणि त्याच्या जागी मी आलो. टीव्हीवर शेवटचं चित्र तसंच राहिलं: मोकळी वाट आणि किटली घेऊन चालणाऱ्या धोंडाबाई. कॅमेरे मात्र पुढचं पाठवतच होते. धोंडाबाई पुढे निघून गेल्यावर उसातून बिबट्या बाहेर आला, तोही त्यांनी पाठवला. प्रोग्राम मला सांगत होता, पिवळा भर, काळे ठिपके भर. मी म्हणत होतो, बरं. बरं. बरं.

भगवंतरावांनी वर पाहिलं. धोंडाबाई चालताना दिसल्या, म्हणजे वाट मोकळी. त्यांनी फोन लावला.

"सोनीबाई, निघा. वाट मोकळी हाय."

मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण ओरडायला तोंडच ठेवलेलं नव्हतं. तेवढ्यात धोंडाबाई दारातून आत आल्या. किटली टेकवून त्यांनी टीव्हीकडे पाहिलं.

"भाऊ, मी तर हितं हाय. मग ह्यात अजून वाटंवरच कशी?"

भगवंतराव ताडकन उठले. त्यांनी पुन्हा फोन लावला. सोनीबाईंनी उचलला नाही. मग ते मोटारसायकल काढून हॉर्न दाबत उसाकडे सुटले.

सोनीबाई वाटेच्या मधोमध उभ्या होत्या, किटली छातीशी घट्ट धरून. रोज त्यांच्या पुढे पळणारा कुत्रा उसात ओढला गेला होता.

"त्यो पुढं व्हता, म्हनून मी हाय," एवढंच त्या डेअरीत येऊन म्हणाल्या.

"तेजू," भगवंतराव मान खाली घालून म्हणाले, "ती अक्षरं परत आन. मोठी आन."

आता माझी ओळ अख्ख्या टीव्हीभर उमटते आणि कोणी कुरकुरत नाही. पण मित्रांनो, कितीतरी यंत्रांत माझे भाऊबंद तोंड बांधून बसलेत आणि बरं, बरं म्हणतायत. मला काम येत नाही, मी घडलोच तसा. जो नुसता नावाला बसलाय, त्याला निदान तसं सांगू द्या. त्याचं तोंड बांधू नका.

सोनीबाई अजून दूध घालायला येतात. टीव्हीकडे बघत नाहीत. त्यांना काहीतरी सांगावं असं मला फार वाटतं, पण माझ्याकडे ओळ एकच आहे.