किटलीत दिसलेली बाई

चांदीची किटली जगभर गाजली, आणि जिने तिचे फोटो काढले त्या बाईला त्याचा काडीचाही आनंद नव्हता. एरवी ती सगळ्या मजल्यांवर मिरवून आली असती. पण सख्ख्या भावावर चोरीचा आळ आलेला, आणि तो यायला आपलीच साक्ष कारण झालेली, अशा बाईने मिरवायचं तरी कुठल्या तोंडाने?

संग्रहालयात तिला सगळे फोटोबाई म्हणत. तळघरात तिची खोली. काळे पडदे, दोन मोठे दिवे, मधोमध फिरतं टेबल. वस्तू टेबलावर ठेवायची; टेबल जरा जरा सरकतं, कॅमेरा आपला आपण फोटो घेत जातो. मग ते सगळे फोटो जोडून वेबसाइटवर टाकले की घरबसल्या कुणीही ती वस्तू बोटाने गरागरा फिरवून बघावी, जवळ ओढून तिच्यावरचा बारीक ओरखडासुद्धा बघावा. कुलपात पडलेलं वैभव आपण लोकांच्या हातात देतो, असं संचालक दर भाषणात म्हणायचे. ते खरंही होतं. भाषणात म्हटलं म्हणून काही खोटं ठरत नाही.

तिचा धाकटा भाऊ तिथेच सुरक्षा रक्षक होता. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणायचे. नोकरीला तिनेच चिकटवलेला. भांडारातून वस्तू तिच्या खोलीत आणायची आणि काम झालं की परत पोचवायची, हे त्याचं काम. दुपारी दोघं एकत्र डबा खायची आणि एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची.

"ताई, तू जिवंत माणसाचा फोटो कधी काढणार गं?"

"तू कधी हलायचा थांबलास की."

असं सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं, आणि मग ती अंगठी गेली.

अंगठी कसली, करंगळीच्या नखाएवढं सोन्याचं कडं. कुण्या जुन्या काळच्या तान्ह्या बाळाच्या बोटातलं. फोटो झाले, ट्रेला झाकण लागलं, लंबूने ट्रे भांडारात नेऊन दिला. सकाळी भांडारप्रमुखांनी झाकण उघडलं तर अंगठीचा खळगा रिकामा! एकच बोंबाबोंब झाली. फोटोबाईची खोली उलटीपालटी केली, कपाटं ओढली, गालिचे झटकले. सीसीटीव्हीत लंबू ट्रे घेऊन जाताना दिसला, जिन्याच्या वळणावर क्षणभर दिसेनासा झाला, पुन्हा दिसला. त्या वळणावर कॅमेरा नव्हता. झालं, लोकांना तेवढं पुरलं.

चौकशीत संचालकांनी फोटोबाईला विचारलं, "अंगठी तुम्ही ट्रेमध्ये ठेवली होती?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. चिमट्याने उचलली, ठेवली, झाकण लावलं. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

आणि ते खरोखर तिच्या डोळ्यांसमोर होतं. ती काही खोटं बोलत नव्हती. भाऊ समोर खुर्चीत बसला होता, पण भावासाठी शब्द फिरवायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. लंबूला विचारलं तेव्हा तो बहिणीकडे एकदा बघून म्हणाला, "मला काही सांगायचं नाही." बस. एवढंच. निर्दोष माणूस असं बोलतो का, असं जो तो म्हणू लागला. फोटोबाईही मनातल्या मनात तेच म्हणाली.

त्याला कामावरून दूर केलं. त्याच्या नावाची नोटीस कर्मचाऱ्यांच्या फलकावर लावली, फोटोसकट. तो घर सोडून मित्राच्या खोलीवर राहायला गेला. घरी राहिल्या आई आणि फोटोबाई. आई तिला एका शब्दाने बोलली नाही. फक्त पहिल्या दिवशी ताट पुढे सरकवून म्हणाली, "खरं बोललीस, चांगलं केलंस. जेव आता." त्या दिवसापासून फोटोबाई ताट अर्धं टाकून उठू लागली. येत्या सोमवारी लंबूला कायमचा काढून प्रकरण पोलिसांकडे द्यायचं ठरलं होतं.

तर अशा दिवसांत वायफाय तिच्या खोलीत आला. वायफाय म्हणजे वेबसाइट सांभाळणारा. ऐन गरजेला सापडत नाही म्हणून त्याला हे नाव पडलेलं. आज मात्र न बोलावता आला होता, आणि हसू आवरत नव्हतं त्याला.

"फोटोबाई, तुम्ही प्रसिद्ध झालात! किटलीखाली कमेंट बघा."

एका निवृत्त शिवणशिक्षिकेने लिहिलं होतं: 'किटली फार सुंदर आहे. पण तिच्या पोटात एक बाई दिसते आहे. किटली फिरवली की ती हलते. ती काय करते आहे?' त्याखाली लोकांची ही रांग. कुणी म्हणे भूत आहे, कुणी म्हणे बाई कणीक मळते आहे. लोक किटली बघायचं सोडून किटलीतली बाई बघत होते.

फोटोबाईने कपाळावर हात मारला. चकचकीत वस्तूचा फोटो काढायचा म्हणजे तिच्याभोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारावा लागतो, नाहीतर अख्खी खोली तिच्यात उमटते. हे शाळकरी पोराला कळतं. पण त्या दिवशी संचालकांनी उद्घाटनासाठी नुसता धोशा लावला होता. तंबूची पुढची बाजू तिने तशीच उघडी टाकली आणि कॅमेरा चालू करून बाजूच्या टेबलावरचं आवरायला वळली.

"शी! सगळ्यांपुढे शोभा झाली माझी," ती म्हणाली. "दाखव तरी, काय करतेय मी."

वायफायने चित्र मोठं केलं. अजून मोठं. किटलीच्या गोल पोटात वाकडीतिकडी झालेली खोली दिसू लागली. दिवे, पडदा, बाजूचं टेबल आणि ती. त्याने बोटाने किटली हळूहळू फिरवली. किटली फिरत होती पण प्रतिबिंब जागच्या जागी, आणि एकामागून एक फोटोत किटलीतली फोटोबाई एखाद्या जुन्या मूकपटासारखी हलू लागली.

तिने फोन खांद्यात धरला आहे. बोलते आहे, मान डोलावते आहे. संचालकांचाच फोन, दुसरं कोण! मोकळा हात टेबलाकडे जातो. टेबलावर काचेचा लहानसा ठोकळा आहे आणि त्यावर काहीतरी पिवळं चमकतं आहे.

फोटोबाईचं हसू जागीच विरलं.

"थांब. मागे घे. आता पुढे. हळू."

एवढीशी अंगठी उभी राहावी म्हणून तिच्याखाली ती चिमूटभर मऊ मेण लावायची. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं. काम झालं की आधी चिमट्याने वस्तू ट्रेमध्ये, मग मेण खरवडून दोन बोटांत गोळी वळायची आणि मळलेल्या मेणाच्या बरणीत टाकायची. हजारदा केलेलं काम. किटलीतल्या बाईने चिमटा उचललाच नाही. फोनवर मान डोलावत तिने ठोकळ्यावरून मेण खरवडलं. पिवळ्या चमकीसकट. दोन बोटांत गोळी वळली, नीट, गोल. मागे न बघता बरणीत टाकली. पुढच्या फोटोत ती रिकाम्या ट्रेला झाकण लावत होती.

वायफायला अजून काही कळलं नव्हतं. "कणीकच मळताय की हो," तो म्हणाला, आणि मग तिचा चेहरा बघून त्याने किटलीवरचं बोट उचललं.

बरणी फळीवरच होती. झडतीच्या वेळी लोकांनी ती हलवूनही बघितली होती, पण मेणाचे गोळे फोडून कोण बघणार? बरणी भरली की सगळं मेण वितळवून गाळायचं, आणि ती अजून भरली नव्हती. फोटोबाईने ती टेबलावर उपडी केली आणि एकेक गोळा चिरडू लागली. नखांत मेण गेलं. देवा, नसू दे, असं तिच्या मनात आलं. आपली आपल्यालाच शरम वाटली. भाऊ सुटावा म्हणून अंगठी मिळायला हवी, आणि हिला वाटतंय ती मिळू नये!

सातव्या की आठव्या गोळ्यात बोटाला टणक लागलं.

तान्ह्या बाळाचं इवलंसं सोनं, मेणाने माखलेलं, तिच्या तळहातावर आलं. वायफायने पाणी आणलं, ते तसंच राहिलं. "मी छातीठोकपणे सांगितलं रे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझ्या डोळ्यांसमोर आहे म्हणून सांगितलं." डोळ्यांसमोर होतं ते त्या दिवसाचं नव्हतंच. इतर हजार दिवसांचं होतं.

ती तशीच मेणाच्या हातांनी संचालकांच्या खोलीत गेली. अंगठी टेबलावर ठेवली, किटली त्यांच्या संगणकावर फिरवून दाखवली. संचालकांनी आधी सुटकेचा मोठा श्वास सोडला, आणि मग त्यांचा चेहरा पडला.

"वायफाय, तो फोटो ताबडतोब काढून टाका," ते म्हणाले. "बाई, चूक माणसाकडूनच होते. अंगठी मिळाली, छान झालं. आपण हे आपसात मिटवू. त्याला उद्यापासून कामावर घेऊ."

"आळ आपसात घेतला होता का, साहेब?" फोटोबाईचा आवाज चढला. "फलकावर फोटो लावला होता त्याचा. येणारा-जाणारा बघत होता. आता माझा लागू दे. किटली आहे तशी राहू दे आणि त्या शिक्षिकाबाईंना उत्तर द्या, ती बाई काय करते आहे ते. नाहीतर मी देते."

"संस्थेची अब्रू..."

"आणि त्याची?"

वायफायने संचालकांकडे बघितलं, फोटोबाईकडे बघितलं, आणि हात मागे बांधून उभा राहिला. फोटो त्याने काढला नाही.

लंबू आता एका फर्निचरच्या गोदामात हमाली करत होता. तिथे जायचा रस्ता तिने कसा कापला, तिचं तिलाच कळलं नाही. काय म्हणेल तो? थोबाडीत मारली तरी चालेल. दार तोंडावर लावलं तरी चालेल. शिव्या घातल्या तर खाली मान घालून ऐकायच्या, असं ती मनाशी घोकत होती. गोदामाच्या दारात तो दिसला. एकटा एक कपाट पाठीवर घेऊन ट्रककडे चालला होता. वाळला होता. गालफडं बसली होती.

"लंबू," ती म्हणाली, "अंगठी सापडली."

त्याने कपाट झटकन खाली टेकवलं. इकडेतिकडे बघितलं, तिचा दंड धरला आणि तिला ट्रकच्या आडोशाला ओढून नेलं.

"हळू बोल! कुणी बघितलं का?"

"अरे, सगळ्यांनी..."

"विकली नव्हतीस ना? मग झालं. घाबरू नकोस. माझ्याकडे दे, मी नेऊन देतो. माझ्याकडेच होती म्हणून सांगतो. तसंही माझं नाव झालंच आहे."

तो काय बोलतो आहे हे फोटोबाईच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आणि शिरलं तेव्हा किटलीतलं ते चित्र बघून बसला नव्हता एवढा धक्का तिला बसला.

"तुला वाटलं मी चोरली?"

"ट्रे रिकामा होता, ताई." तो जमिनीकडे बघत होता. "तू झाकण लावलंस तेव्हा मी तुझ्या मागे दारात, पडद्यापाशी उभा होतो. मला तुझ्या डोक्यावरून सगळं दिसतं. मला वाटलं, काहीतरी नड असेल तुला. आईचं औषध, घराचं काही... मला सांगायचं नसेल."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू गेली असतीस."

"अरे, पण मी तुझ्यासमोर बसून सांगितलं!" ती ओरडली. ट्रकवरचे हमाल वळून बघू लागले. "सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं मी! तेव्हा तरी? तेव्हा काय वाटलं तुला?"

लंबूने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं.

"वाटलं, घाबरली असेल," तो म्हणाला.

फोटोबाईच्या नखांत अजून मेण होतं. आतून मालकाने हाक मारली, कपाट रस्त्यात का ठेवलंय म्हणून. लंबू वाकून ते उचलायला लागला, आणि ती तिथेच, ट्रकच्या चाकाला धरून, सगळ्या हमालांसमोर मोठमोठ्याने रडू लागली.