उन्हासाठी पडदा

उंचीवर गेल्याने माणसाची दृष्टी विशाल होते आणि क्षुल्लक भये आपोआप गळून पडतात, असे बिल्डरच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर, ढगांच्या चित्राखाली छापलेले होते. चंपतराव गजभिये सतराव्या मजल्यावर राहायला आले त्याला तीन आठवडे झाले होते आणि त्यांचे अजून काहीही गळून पडले नव्हते. उलट एखाद्या दिवशी आपणच गळून पडू, अशी त्यांची खात्री होत चालली होती. सध्या मात्र ते महाल भागातल्या दुर्गेशच्या पडद्यांच्या दुकानात, तळमजल्यावर, बाकावर बसले होते. दोन्ही पाय जमिनीला टेकले होते. ती जमीन खालीही जमीनच होती, याचे त्यांना फार बरे वाटत होते.

"जाड दाखव गा," ते म्हणाले.

"किती जाड, काका?"

"आरपार काही दिसलं नाही पाह्यजे."

दुर्गेशने हातातली टेप खाली ठेवली. "काका, सतराव्या माळ्यावर तुमच्या घरात कोण डोकावून पाहून राहिलं? घार? तिथं तं लोकं शीअर लावतात, झिरझिरीत. हे पाहा, मागून हात धरतो. दिसते ना हात? असंच बाहेरचं सगळं दिसते."

"सगळं..." चंपतरावांनी दोन्ही पाय जमिनीवर आणखी घट्ट रोवले. "ऊन. ऊन लय येते तिथं."

नागपुरात ऊन या कारणाची उलटतपासणी कोणी करत नाही. लग्नाला न जाणे, कचेरीत उशिरा पोहोचणे, मेव्हण्याचा फोन न उचलणे, हे सगळे या शहरात उन्हावर खपते. दुर्गेशनेही लगेच मान डोलावली आणि जाड कापडांची चळत खाली ओढायला घेतली.

प्रेमलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. जरा जास्तच वेळ पाहिले.

"हो," त्या म्हणाल्या. "ऊन तं येते." आणि शीअरचा तो तुकडा आपल्या मांडीवर ओढून त्यावरून हात फिरवत राहिल्या.

त्या हात फिरवण्याचेच चंपतरावांना भय होते. प्रेमलताबाईंचा सगळा संसार इमामवाड्यातल्या दोन खोल्यांत झाला. तिथल्या एकुलत्या एक खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसे आणि हात लांब केला तर तिला लागेही. मुलाने, अनिशने, बंगळुरात बसून हा फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना इथे आणून ठेवले. पहिल्या संध्याकाळी प्रेमलताबाई सामान तसेच टाकून हॉलच्या खिडकीकडे गेल्या. खिडकी म्हणजे काय, छतापासून फरशीपर्यंत एक सलग काच. त्यांनी काचेला दोन्ही तळवे लावले आणि ओरडल्या, "अहो, या ना इकडं! घुमट दिसून राहिला! दीक्षाभूमीचा!" दूर, छपरांच्या, झाडांच्या आणि टाक्यांच्या पलीकडे पांढरा ठिपका होता. "छप्पन साली माझा बाप तिथं उभा होता. मौद्याहून पायदळ आला होता. आता मले रोज दिसन."

चंपतराव तेव्हा स्वयंपाकघराची चौकट धरून उभे होते. तिथूनच ते "छान आहे" म्हणाले. खिडकीकडे न पाहता.

त्यांना सांगता आले असते. पण सांगितले असते तर प्रेमलताबाई त्याच संध्याकाळी "चला मग परत" म्हणाल्या असत्या, खरोखर परत गेल्या असत्या आणि मरेपर्यंत घुमटाचे नाव काढले नसते. बायकोचा हा स्वभाव त्यांना सतराव्या मजल्याइतकाच भीतीदायक वाटे.

"असं करा ना," दुर्गेश म्हणाला, "डबल ट्रॅक लावू. आत शीअर, बाहेर जाड. ऊन आलं का जाड ओढा, ऊन गेलं का उघडा. काकू खुश, काका खुश."

चंपतरावांच्या डोळ्यांसमोर डबल ट्रॅक उभा राहिला. रोज संध्याकाळी जाड पडदा सर्रकन बाजूला होणार, आणि झिरझिरीत कापडामागे ती सगळी पोकळी दिवा लावून बसणार. त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला.

प्रेमलताबाईंनी तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला आणि शीअरच्या तुकड्याची घडी केली.

"जाडच द्या," त्या दुर्गेशला म्हणाल्या. "एकच."

"पक्का, काकू?"

"ऊन येते म्हटलं ना बापा."

चंपतरावांना इतके हायसे वाटले की त्यांची त्यांनाच लाज वाटली. दुर्गेश म्हणाला, "मग उद्या सकाळी माणूस पाठवतो, माप घेऊन जाईल." आणि ते हायसे वाटणे तिथेच संपले. माणूस येणार, खिडकीशी उभा राहणार आणि म्हणणार, काका, जरा तिकडचं टोक धरा.

"नको," ते म्हणाले. "माप मी आणतो. मोजणी खात्यातून रिटायर झालो मी. लोकायची शेतं मोजली, एका खिडकीचं काय?"

हे तितकेसे खरे नव्हते. शेते दुसरे लोक मोजत. चंपतराव ती मापे कचेरीत बसून कागदावर उतरवत. पण शेताचा एक मोठा गुण असतो, ते आडवे असते.

घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी मापाचा विषय टाळला. तसेही त्या घरात ते राहत होते म्हणण्यापेक्षा घराच्या कडेकडेने ये-जा करत होते. सोफा त्यांनी हळूहळू आतल्या भिंतीला सरकवला होता. टीव्ही पाहताना काच डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात येई, म्हणून ते बातम्या नुसत्या ऐकत. एका दुपारी वावधान सुटले, धुळीचा एक पिवळा डोंगर शहरावर चालून आला आणि काच घुमायला लागली. रिकाम्या माठात तोंड घालून कोणी हुंकार भरावा तशी. प्रेमलताबाई काचेशी उभ्या राहून कोणाचे कपडे उडाले ते सांगत होत्या. चंपतराव न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. न्हाणीघराला खिडकी नव्हती. या फ्लॅटमधली त्यांची ती आवडती खोली होती.

तिसऱ्या दिवशी प्रेमलताबाई भाजी आणायला खाली उतरल्या. चंपतरावांनी टेप काढली. उभ्याने जमणार नाही हे माहीत होते, म्हणून ते गुडघ्यांवर आले, मग चक्क पालथे पडले आणि डोळे मिटून फरशीला छाती घासत पुढे सरकले. काच वीतभर उरली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. ते करायला नको होते. खाली, फार खाली, एका पोराची लाल सायकल औषधाच्या गोळीएवढी दिसली. ती हलली. मग फरशीच खिडकीच्या बाजूला कलली आणि सगळे घर, सोफ्यासकट, त्यांना हळूहळू बाहेर ओतू लागले. त्यांनी गाल फरशीला चिकटवला आणि दोन्ही हात पसरून फरशी धरली. गुळगुळीत फरशीत धरण्यासारखे काही नसते.

दाराची किल्ली फिरली.

"का करून राहिले?" मागून प्रेमलताबाईंचा आवाज आला.

"गोळी पडली," चंपतराव फरशीला म्हणाले. "बीपीची."

"सापडली?"

"नाही."

पिशवी ठेवल्याचा आवाज झाला. प्रेमलताबाई आल्या, त्यांच्या आणि काचेच्या मधल्या जागेत पदर सावरून बसल्या आणि फरशीवरून हात फिरवत नसलेली गोळी शोधू लागल्या. आता समोर काच नव्हती, लुगड्याचा निळा काठ होता. चंपतराव मागे सरकत सरकत सोफ्यापर्यंत आले.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "सोफ्याखाली गेली असन. दुसरी घ्या."

टेप तिथेच पडली होती. प्रेमलताबाईंनी ती उचलून फ्रिजवर ठेवली. टेपबद्दल काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये डोळे मिटून खाली उतरत असताना चंपतरावांना उपाय सुचला. फाटकाशी बिल्डरचे विक्री कार्यालय होते आणि त्याला लागून सॅम्पल फ्लॅट. तोच हॉल, तीच काच, फक्त जमिनीवर. तिथे चिन्मयी नावाची मुलगी गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवत असे.

चंपतराव टेप घेऊन थेट काचेशी गेले. काचेबाहेर हिरवळ होती, हिरवळीवर माळी झोपला होता. त्यांनी काचेला हात लावला. मग कपाळ लावले. तीन आठवड्यांत प्रथमच त्यांना कळले की प्रेमलता तिथे उभी राहते तेव्हा तिला काय वाटत असेल. त्यांनी खुर्ची ओढली, वर चढले, रुबाबात माप घेतले.

"काका, काय करताय?" चिन्मयी धावत आली. "तुम्ही तर सतराव्यावर राहता ना?"

"माप घेऊन राहिलो, बेटा. पडद्याचं. आमची खिडकी अशीच आहे ना?"

"एकदम सेम, काका. कंपनी जे दाखवते तेच देते."

मोजणी खात्यात जन्म घालवलेल्या माणसाने बिल्डरच्या शब्दावर विश्वास ठेवल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे.

आठवड्याने दुर्गेश स्वतः पडदा घेऊन आला. रंग सागवानी, कापड असे की उचलताना त्याला दम लागला. त्याने शिडी लावली, ड्रिल चालवले, दांडी बसवली. चंपतराव स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे राहून आभाळ डावीकडून उजवीकडे बंद होताना पाहत होते. शेवटची फट मिटली. हॉल इमामवाड्याइतका अंधारला. त्यांनी चौकट सोडली.

"हे काय झालं गा?" दुर्गेश शिडीवरून खाली पाहत म्हणाला.

पडदा फरशीपर्यंत पोहोचतच नव्हता. खाली चांगली वीत-दीड वीत काच उघडी राहिली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वरच्या काचेतून निदान आभाळ दिसायचे. या पट्टीतून फक्त खालचे दिसत होते.

"काका, माप कुठलं आणलं तुम्ही? हे इथलं नाही. हे तं खोट्या छताच्या खोलीचं माप आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये असते तसं."

चंपतरावांचा हात परत चौकटीवर गेला होता.

"जोड लावून देतो," दुर्गेश म्हणाला. "पण हे कापड खतम झालं. सुरतहून येईल तवा. काकू, चालन का तोवर?"

प्रेमलताबाई पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या चौकटीवरच्या हाताकडे पाहत होत्या.

"चालन," त्या म्हणाल्या. "राहू दे असाच."

दुसऱ्या दिवशी पहाटे चंपतराव पाणी प्यायला उठले. पडदा बंद होता आणि त्याच्या मागून पुटपुटल्यासारखी वंदना ऐकू येत होती. खालच्या पट्टीत, काचेला लागून, प्रेमलताबाईंच्या दोन टाचा दिसत होत्या. जोडलेल्या, भेगाळलेल्या, आणि त्यांच्यापुढे सतरा मजले. हाक मारावी तर त्या दचकतील, म्हणून चंपतरावांनी मारली नाही. वंदना संपेपर्यंत ते पेला धरून त्या टाचांकडे पाहत राहिले. मग आवाज न करता जाऊन झोपले.

उठले तेव्हा खालची पट्टी दिसत नव्हती. तिथे लोणच्याच्या बरण्या मांडलेल्या होत्या. चिनी मातीच्या, थोरल्या, ज्या अनिशने फेकून द्यायला सांगितल्या होत्या आणि प्रेमलताबाईंनी इमामवाड्याहून मांडीवर घेऊन आणल्या होत्या. त्या संपल्या तिथे स्टीलचे डबे होते, डबे संपले तिथे कुकर. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. फक्त मधोमध दोन पावले मावतील एवढी जागा सोडलेली होती, आणि ती जिथे होती तिथे सोफ्यावरून नजर जात नव्हती.

प्रेमलताबाई चहा घेऊन आल्या.

"बरण्या काहून ठेवल्या तिथं?" चंपतरावांनी विचारले.

"लोणच्याले ऊन लागते," त्या म्हणाल्या.

चंपतरावांनी चहाचा घोट घेतला. कप बशीवर वाजला नाही.

"हो," ते म्हणाले. "ऊन तं येते."

हॉलची ती खिडकी उत्तरेला आहे. तिथे ऊन येत नाही.