छातीएवढी रोपं

ऑस्ला तिसऱ्या वर्षी त्याच चराशी गुडघे टेकून बसली होती आणि मनातल्या मनात नवऱ्याचा, गिबीचा, उद्धार करत होती. शेटलंडमधल्या त्यांच्या बेटावर वारा समुद्रावरून सुटायचा तो थेट तिच्या कोबीवर. आडोशाला झाडांचं दाट कुंपण हवं, एवढंच तिचं म्हणणं.

पहिल्या वर्षी तिने वीतभर रोपं लावली. त्यांना जपायला म्हणून गिबीने सलग फळ्यांची भिंत उभारली. वारा भिंतीवरून उसळला आणि पलीकडे रोपांवरच आदळला. दुसऱ्या वर्षी भिंतच रोपांवर पडली. यंदा गिबी परस्पर छातीएवढी रोपं घेऊन आला.

"लावली की आडोसा तयार! आता वाट बघायचं वय आहे का आपलं?"

आठ दिवसांत वादळ झालं. रोपं रात्रंदिवस हलली, प्रत्येकाच्या बुडाशी भोक पडलं, मुळं सैल झाली.

ऑस्लाने माती दाबली आणि कात्री चालवायला सुरुवात केली. एकेक रोप वीतभर ठेवून वरचं सगळं साफ.

"अगं, वेड लागलं का तुला? चांगली जिवंत झाडं आहेत ती!"

"जिवंत राहावीत म्हणूनच कापतेय. शेंडा असला की वारा धरणारच. तू काही आणू नकोस, बांधू नकोस. शांत बस, एवढं केलंस तरी पुष्कळ!"

गिबी निघून गेला. संध्याकाळी गाडी थांबली तेव्हा ती ओरडली, "फळ्या असतील तर तशाच परत ने!"

"फळ्या नाहीत. जाळं आहे."

त्याच्या होडीवरचं जाळं. होडी त्याने हिवाळ्यात विकली होती. जाळ्याला मात्र कुणाला हात लावू दिला नव्हता. आता त्याने ते स्वतःच्या सुरीने फाडलं, दुहेरी केलं आणि लाकडी खांबांवर ठोकायला घेतलं. वारा त्यातून गाळला जाऊन येऊ लागला, निम्मा जोर गमावून.

"हे पहिल्याच वर्षी सुचायला काय झालं होतं?"

"तेव्हा ते मासे धरत होतं."

ऑस्ला पुढचा खांब धरून उभी राहिली.

जूनमध्ये रोपांच्या बहुतेक कापलेल्या खुंटांना फुटवे आले. गिबी रोज सकाळी चहा घेऊन तिथे जायचा, बोटांनी उंची मोजायचा आणि घरात येऊन सांगायचा, "पाणी कमी पडतंय हं."

"तूच घाल मग!" ऑस्ला आतून म्हणायची.