थॉर्नबेकवाले

"भाभी, विलायतेशी थॉर्नबेकचा मानूस येतंय. यो लूम तं त्यो…"

लडकू मेकॅनिकचं वाक्य तिथंच तुटलं. लूम सुरू झाले आणि पुढचं खटखटाटात बुडालं.

मी एक आडनाव बोलतोय, थॉर्नबेक. भिवंडीतल्या जुन्या लूमच्या बिडाच्या अंगावर ओतलेलं. दमलोय हो आता.

माझा जन्म विलायतेतल्या एका काटेरी झुडपांच्या ओढ्याकाठी. तिथं राहणाऱ्यांना ओढ्याचंच नाव पडलं, वडप्याचे जसे वडपेकर. घराणं लहानच. त्यातल्या एकानं लूमचा कारखाना काढला आणि मी लोखंडात बसलो. बोटीनं मुंबईला आलो. गिरणीनं जुना माल म्हणून काढलं, तेव्हा इथले मालक नूर मोहम्मद, त्यांच्या आजोबांनी मला इथं आणलं.

गल्लीत नूर मोहम्मद तीन. म्हणून या घराला लोक 'थॉर्नबेकवाले' म्हणू लागले. धामणकर नाक्यावर उतरून पाहुणे माझंच नाव विचारत येतात. धामणकर कोण, हे जसं कुणी विचारत नाही, तसंच माझंही.

आता नवे लूम येणार, मी भंगारात. म्हणून लडकूचं ते अर्धं वाक्य मी धरून बसलो. माझं माणूस येईल, मला घेऊन जाईल.

आली एक पांढऱ्या केसांची बाई. माझ्या अक्षरांवरचं काळं वंगण स्वतःच्या रुमालानं पुसत राहिली. मालकीण शमीमभाभींची मुलगी अदीबा तिचं इंग्रजी बोलणं समजावून सांगत होती, "अम्मी, हिची नानी थॉर्नबेक होती. तिच्यामागे तिकडे हे नाव लावणारं कुणीच उरलं नाही. ही फक्त बघायला आलीय."

"मंग मी दुसरं काय सांगत व्हतो?" लडकू म्हणाला. "यो लूम तं त्यो बगून जाईल, येवरंच!"

मला न्यायला येणार असं कुणी म्हणालंच नव्हतं. ते माझं मीच जोडलं होतं.

तेवढ्यात बाहेरून हरेश रिक्षावाला ओरडला, "ओ थॉर्नबेकवाले! तुमचा भंगारचा टेम्पो आडवा लागलाय. आज काढताय का उद्या?"

बाई दचकून वळली. नानीनंतर ही हाक तिनं ऐकलीच नसावी. पण ओ दिली ती शमीमभाभींनी, "आले रे बाबा, आले! जरा दम धर!"

बाई हसली, मग रुमाल डोळ्यांना लावला. वंगणाचा डाग गालावर उमटला.

आता मी टेम्पोत आडवा पडलोय. भट्टीचं काही वाटत नाही, लोखंड तसंही थकलंय. फक्त एवढं करा. या गल्लीत आलात, की थॉर्नबेकवाल्यांना मोठ्यानं हाक मारा.